पेटीवरचा जिल्हा

१० जून

चि. लिफ्टवाले यांस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतीच "हो, हो" म्हणत होते. खरं सांगायचं तर एक अक्षर कळलं नाही. कानातलं यंत्र आताशा शिट्ट्या मारतं, आणि तू आधीच तोंडातल्या तोंडात बोलतोस. "संध्याकाळी येऊ का" असं विचारत होतास म्हणे. मी हो म्हणून फोन ठेवला आणि कुलूप लावून बाहेर पडले. तू दारावरून परत गेलास ते शेजारीणबाईंकडून कळलं. तेव्हा आजपासून फोन बंद. काय असेल ते कागदावर लिहायचं, आणि अक्षर जरा मोठं काढायचं.

आता काम. कानाच्या दवाखान्यात नव्या यंत्रासाठी मी नाव घातलंय. ते जन्माचा दाखला मागतात. मी समोर बसलेली असूनही मी जन्मले आहे हे त्यांना पटत नाही. एवढी वर्षं धुलाईचं दुकान चालवलं, कुणी दाखला विचारला नाही. आता चिठ्ठीवाचून अडलंय.

अडचण अशी की आपलं मूळ गाव कुठल्या जिल्ह्यात धरायचं ते मला माहीत नाही. मी लहान असताना जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे पाडायचं चाललं होतं. घरात कधी जुन्या जिल्ह्याचं नाव ऐकू यायचं, कधी नव्याचं. पुढे आम्ही शहरात आलो आणि विषयच संपला. तू दोन्हीकडच्या सरकारी कचेऱ्यांत लिफ्ट दुरुस्त करत हिंडतोस, तर तेवढं बघ. आणि आपल्या घरातलं आणखी कुणाचं नाव तिथे दिसलं, तर तेही उतरवून आण. सहज.

डब्यातले लाडू संपले असतील तर डबा परत कर. माझा एकच चांगला डबा आहे.

तुझी आत्या

---

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

अक्षर मोठं काढलंय, आता तक्रार नको. डबा सोबत पाठवतो आहे.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत माझं काम होतंच, म्हणून आधी तिकडे विचारलं. रेकॉर्डवाल्या बाईंनी गावांची यादी दोनदा पाहिली आणि सरळ हात वर केले. "हे गाव आमच्यात नाही. कधीच नव्हतं." मग जुन्या जिल्ह्याला गेलो. तिथला रेकॉर्ड रूम तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी मधे अडकलेली. आधी ती सोडवली, मग मला खुर्ची मिळाली. लिफ्ट बंद पडल्याशिवाय जगात माझी कुणाला आठवण होत नाही, हे तुला मी पूर्वीच सांगितलंय.

तुझी नोंद सापडली. दाखल्याची प्रत सोबत आहे. तू जन्मली आहेस, सही-शिक्क्यानिशी.

तू "सहज" म्हणाली होतीस ते पण पाहिलं. तुझ्या आधी पाच वर्षं त्याच घरात एक मुलगी जन्मलेली दिसते. आईवडील तेच. ही कोण? बाबांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी तर मरेपर्यंत "आम्ही दोघंच, मी आणि तुझी आत्या" एवढंच सांगितलं. तान्हेपणीच दगावली असणार असं मी धरून चाललोय. त्या काळी घरोघरी तसं व्हायचंच.

यंत्र कधी मिळणार ते कळव.

तुझा भाचा

---

८ जुलै

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

दाखला पोचला. दवाखान्यात दिला. डबा पोचला, झाकण दुसऱ्याच डब्याचं आहे.

ती दुसरी नोंद राहू दे. तुझ्या बाबांना ठाऊक नव्हतं कारण तो नंतर जन्मला, आणि घरात तो विषय कुणी काढत नसे. झालं गेलं.

पावसाळी बूट घे. मागच्या वेळी ओल्या मोज्यांनी माझी सतरंजी खराब केलीस.

आत्या

---

२७ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

तू "राहू दे" म्हणालीस, म्हणून मी ते राहू दिलं नाही. रागावशील, पण ऐक.

गेल्या आठवड्यात जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत पुन्हा जावं लागलं. खुर्ची आता कायमची मिळालेली आहे. वेळ होता म्हणून त्या मुलीची मृत्यूची नोंद शोधली. जन्मली त्या वर्षापासून पुढे तुम्ही गाव सोडलंत तिथपर्यंत सगळी पानं चाळली. आजोबांच्या घरातला एकही मृत्यू नाही. मग नव्या जिल्ह्यात बाईंना त्रास दिला. तिथेही नाही.

आत्या, तान्हेपणी गेलेल्या मुलीसाठी कुणी "सहज" म्हणून वाकड्या वाटेने चौकशी करत नाही. दाखल्याचं निमित्त होतं ना? डाग कसला आहे ते न विचारता घासत बसू नये, हे तूच मला दुकानात शिकवलंस. मग मला नुसतंच घासायला का बसवलंस? काय झालं होतं ते सांग. नाहीतर मी इथून पुढे एक पान उलटणार नाही.

तुझा भाचा

ता. क. झाकण शोधतो आहे.

---

३ ऑगस्ट

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले होते. दोन वेळा पत्र लिहून फाडलं. आता लिहिते ते राहू देते.

ती माझी ताई. तान्हेपणी गेली नाही. ती जन्मापासून बहिरी होती, म्हणून बोलतही नसे. आमच्या वेळी मुकी-बहिरी म्हणायचे आणि पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे. मला मात्र तिच्यासारखं कुणी नव्हतं. ती मला कमरेवर घेऊन हिंडायची. आमची हातांची भाषा होती, घरातल्या घरात बनलेली. बाबांसाठी, म्हणजे तुझ्या आजोबांसाठी, दोन्ही हातांनी साखळी ओढायची, कारण ते मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढायचे. माझ्यासाठी उलट्या हाताने हनुवटी पुसायची. माझी लाळ गळायची रे, चांगली चार वर्षांची झाले तरी. ताईच पुसायची. म्हणून तेच माझं नाव पडलं. हसू नकोस.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा बाबांनी तिला जुन्या जिल्ह्याच्या गावी मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत ठेवलं. राहायची सोय होती आणि हाताला काम शिकवायचे. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, आपल्यामागे हिला कोण बघणार? त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढच्या वर्षी सुट्टीत आणायला गेले आणि एकटेच परत आले. शाळेत तापाची साथ येऊन काही मुलं दगावली होती. शाळेचा मुख्य माणूस नवीन होता. त्याने पट पाहून सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव हजेरीत नाही, म्हणजे ती साथीतलीच.

आईने एकच विचारलं, "पेटी कुठंय?" ताईच्या कपड्यांची पत्र्याची पेटी. बाबा म्हणाले, साथीतल्या मुलांचं सामान जाळतात. आईला ते पटलं नाही. ती मरेपर्यंत मधूनच म्हणायची, "पेटी यायला हवी होती." आम्ही म्हणायचो, आई, आता पुरे.

आता माझेच कान गेले. चार माणसांत बसते तर सगळ्यांची तोंडं नुसती हलतात. ते सगळे हसले की मीही हसते. मागच्या खोलीत बसल्यावर ताईला काय वाटत असेल ते मला आता कळलं, आणि कळल्यापासून झोप नाही. ती कुठे गेली, कशी गेली, जवळ कुणी होतं का, एवढं मला हवंय. मृत्यूची नोंद सापडली तर दाखव. मी वाचेन आणि गप्प बसेन. पण मी जायच्या आत दाखव. माझ्यानंतर तिला ओळखणारं कुणी उरत नाही.

तुझी आत्या

---

२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र लिफ्टच्या खड्ड्यात बसून वाचलं. वरून मदतनीस हाका मारत होता, मी पत्र संपवूनच वर आलो.

शाळा अजून आहे. आता तिला कर्णबधिर विद्यालय म्हणतात. जुनी इमारत पाडली, पण कपाटं तीच. तिथल्या बाई चांगल्या आहेत, स्वतः दोन हातांनी भराभर बोलतात आणि तोंडाने कमी. ताई आत्याची भरती झाल्याची नोंद मिळाली. साथीत दगावलेल्या मुलांची नावं वेगळी लिहिलेली आहेत, सगळी वाचली. त्यात ती नाही. पुढच्या वर्षीच्या हजेरीतही ती नाही. म्हणजे मधल्या काळात शाळेतून एक जिवंत मुलगी कमी झाली आणि कुणी विचारलं नाही.

मी बाईंना म्हटलं, त्या वर्षी इथे आणखी काही घडलं का? त्या म्हणाल्या, घडलं ना, जिल्हा तुटला. शाळा जिल्ह्याच्या खर्चाने चालायची, म्हणून मुलंही वाटून घेतली. ज्यांची गावं नव्या जिल्ह्यात गेली ती मुलं नव्या जिल्ह्याच्या शाळेत पाठवली, बाकीची इथे राहिली. फर्निचरसुद्धा तसंच वाटलं, त्यातलं टेबल अर्धं कापून नेल्याची गोष्ट त्या अजून सांगतात.

पण आपलं गाव तर जुन्याच जिल्ह्यात राहिलं. मग ताई आत्या इथेच राहायला हवी होती. इथे माझं डोकं चालेना. नकाशांच्या खोलीत जाऊन हद्दीचे कागद पाहिले. एक गंमत आहे. हद्दीचा पहिला आराखडा झाला त्यात आपलं गाव नव्या जिल्ह्यात होतं. शेवटचा हुकूम निघाला तेव्हा हद्द ओढ्याच्या पलीकडे सरकवली आणि गाव परत जुन्यात आलं. पण आराखडा बाहेर कुणाला दाखवलेलाच नव्हता. तो फक्त मोजणी खात्याच्या लोकांना ठाऊक असणार.

आजोबा मोजणी खात्यात होते. ते त्या हद्दीवर कामाला होते का? आठवत असेल ते सगळं लिही. फालतू वाटलं तरी लिही.

तुझा भाचा

---

२६ ऑगस्ट

चि. भाच्यास,

तुझं पत्र वाचलं. सांगते.

बाबा त्याच हद्दीवर होते. साखळी ओढायचे आणि हद्दीच्या दगडांवर पांढऱ्या रंगाने जिल्ह्याचं नाव घालायचे. अक्षर सुरेख होतं त्यांचं. आमच्या परसामागच्या दगडावर त्यांनीच नव्या जिल्ह्याचं नाव घातलं होतं, हुकूम निघायच्या कितीतरी आधी. त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं ना, त्याचा फार अभिमान. येईल त्याला सांगायचे, "आता आपण नव्या जिल्ह्यातले बरं का!" पत्र आलं तरी पाकिटावरचा जुना जिल्हा खोडून नवा लिहायचे.

ताईला शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी बाबांनी तिची पेटी अंगणात काढली. झाकणावर त्याच डब्यातल्या रंगाने नाव, गाव आणि खाली जिल्हा घातला. मी शेजारी बसून पाहत होते. रंगाला हात लावला म्हणून मार खाल्ला. कुठला जिल्हा घातला हे मला वाचता येत नव्हतं. पण दगडावर जशी नक्षी होती तशीच पेटीवर होती, हे मला पक्कं आठवतं.

नंतर हुकूम निघाला आणि बाबांची फजिती झाली; तिचा अर्थ मला आता तुझं पत्र वाचून लागला. गावातले लोक कितीतरी दिवस त्यांना "काय नव्या जिल्ह्याचे पाहुणे" म्हणून चिडवत. एका सकाळी त्यांनी पत्रा घेऊन परसातल्या दगडावरचं नाव खरवडून काढलं. त्यानंतर नव्या जिल्ह्याचं नाव त्यांनी परत तोंडातून काढलं नाही. शाळेत गेले तेव्हाही त्यांनी जुनंच सांगितलं असणार. मोठ्या ताठ्याने सांगितलं असणार. मग ती वाटणीत नव्या जिल्ह्याला गेली असेल, हे त्या मुख्य माणसाच्या मनात तरी कसं येणार?

दगड खरवडला रे. पेटी खरवडायची राहिली.

नव्या जिल्ह्याच्या शाळेत जा. लवकर जा. काय निघेल ते असू दे.

आत्या

---

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

आधी खुर्चीवर बस. शेजारीणबाईंना बोलाव आणि मगच पुढे वाच.

ती आहे. जिवंत आहे.

आता सगळं क्रमाने सांगतो. नव्या जिल्ह्याच्या शाळेत वाटणीच्या वर्षी आलेल्या मुलांचा कागद मिळाला. मुलांना ऐकू येत नाही, लिहिता येत नाही, म्हणून त्यांची विभागणी पेट्यांवरच्या पत्त्यावरून केली होती. ताई आत्याच्या नावापुढे शेरा आहे, "सदर गाव या जिल्ह्यात आढळत नाही. पालकांचा शोध लागत नाही." त्यांनी शोध घेतला, पण स्वतःच्याच जिल्ह्यात. शेजारच्या जिल्ह्यात विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. रेकॉर्डवाल्या बाई मला म्हणाल्या होत्या ना, "हे गाव आमच्यात नाही, कधीच नव्हतं." तेच उत्तर तेव्हाही मिळालं असणार.

ती तिथेच वाढली. ब्रश बांधायचं काम शिकली. सगळे ब्रश, बाटल्या धुवायच्या ब्रशापासून रंगाऱ्याच्या ब्रशापर्यंत. पुढे नव्या मुलींना तीच शिकवायची. आता शाळेच्या ब्रश-कारखान्याच्या मागे निवृत्त बायकांसाठी खोल्या आहेत, त्यांतली कोपऱ्यातली तिची. खोली स्वच्छ आहे. खिडकीत बाटल्यांमधे झाडं लावली आहेत. पलंगाखाली पेटी आहे, पांढरी अक्षरं अजून वाचता येतात. आजोबांचं अक्षर खरंच सुरेख.

मी तिला काही सांगणार नव्हतो, आधी तुला विचारायचं ठरवलं होतं. तिथल्या शाळेच्या बाईंनी "पाहुणा" म्हणून माझी ओळख करून दिली. ताई आत्याने मला चहा दिला. कप ठेवताना मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी उलट्या हाताने हनुवटी पुसली.

ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग हात खाली नेऊन कमरेपाशी धरला, एवढीशी पोर असते तेवढ्या उंचीवर, आणि भुवया उंचावून विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. तिने लगेच माझ्या मागे दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं, आत्या. ती बराच वेळ तिकडेच पाहत राहिली.

मी तुला आणायला गाडी घेऊन येतो. कधी येऊ ते कळव.

तुझा भाचा

---

१७ सप्टेंबर

चि. भाच्यास,

तू येऊ नकोस. तुझी वाट बघायला वेळ नाही. शेजारीणबाईंचा मुलगा मला उद्याच्या पहिल्या बसमध्ये बसवून देतोय. शाळेचा पत्ता तू पाकिटावर लिहिलायस, वाचता येतं मला.

ऐकू येत नसलं म्हणून काय झालं, तिथे ऐकायचं आहे कुणाला!

आत्या

---

४ ऑक्टोबर

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताईच्या खोलीतून लिहितेय. मी आलेय ती अजून इथेच आहे. दवाखान्याचं यंत्र आलं असेल तर घेऊन ठेव. इथे त्याची गरज पडत नाही. इथल्या बायका जेवताना एवढं बोलतात की ताटातला भात गार होतो, आणि आवाज म्हणून कसला नाही. मी अजून निम्मं चुकते. ताई माझ्यावर चिडते, हाताचा आकार धरून दुरुस्त करते.

पहिल्या दिवशीचं सांगते. मी दारात उभी राहिले. मनाशी बरंच काही ठरवून आले होते, सगळं विसरले. मी रडले, लपवत नाही. ती रडली नाही. तिने मला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग पेटी ओढून बाहेर काढली, झाकणावरच्या जिल्ह्याच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला आता वाचता येतं. आपलं गाव या जिल्ह्यात नाही हे तिला कधीच कळलं होतं. आपल्याला मुद्दाम खोटा पत्ता घालून सोडून दिलं, म्हणजे आपण परत घरी जाऊ नये, असंच ती इतकी वर्षं धरून बसली होती.

आता हे हातांनी कसं सांगायचं, तू सांग. माझ्याकडे आमचे लहानपणीचे मूठभर शब्द. मी दोन्ही हातांनी साखळी ओढली, म्हणजे बाबा. मग पेल्यात बोट बुडवून टेबलावर पाण्याची रेघ काढली. एका बाजूला घर म्हणून बशी ठेवली. साखळी ओढून दाखवली आणि बशी रेघेच्या या बाजूला. मग रेघ पुसली, पलीकडे सरकवून दुसरी काढली. बशी तिथेच. बशी हललीच नाही, रेघ हलली, हे मी तीनदा करून दाखवलं. मग बाबा शाळेत आले, तू नाहीस, पेटी नाही, असे एकटेच परत गेले. मग आई दारात बसून राहिली. आईसाठी आमचा शब्द काय होता तो मी विसरले होते. ताईनेच करून दाखवला.

मग ती टेबलाकडे पाहत राहिली. मला वाटलं, समजलं नाही. मी पुन्हा पाण्यात बोट घातलं. तिने माझा हात धरून बाजूला केला आणि आपल्या पदराने ती रेघ पार पुसून टाकली. टेबल कोरडं होईपर्यंत पुसत होती.

आणि तोच पदर तसाच धरून तिने माझी हनुवटी पुसली. कोरडीच होती रे.

तुझी आत्या